हौशी छायाचित्रणासाठी स्वस्तातला जुना फिल्म कॅमेरा कोणता घ्यावा?

मुक्ता_सातारा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

गेली काही वर्षे मी डिजिटल कॅमेऱ्यावर हौसेखातर फोटो काढते आहे आणि आता एकदा फिल्मवर काम करून पाहावे असे मनात आहे. कॅमेरा, पहिले दोन-तीन रोल आणि ते धुण्याचा खर्च असे सगळे मिळून दहा हजार रुपयांत बसवायचे आहे. त्यापलीकडे हौसेसाठी खिसा रिकामा करण्याची तयारी नाही.

सध्या तीन कॅमेरे नजरेसमोर आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात हेलिऑस लेन्ससह झेनिट-ई साडेतीन हजारांना सांगितला आहे. ओळखीतल्या एका काकांकडे याशिका इलेक्ट्रो ३५ आहे आणि ते चार हजार मागत आहेत. तिसरा पेंटॅक्स के-१००० असून तो ५० मिमी एफ/२ लेन्ससह ऑनलाइन नऊ हजारांना मिळतो आहे. विक्रेता पुण्यातलाच असल्यामुळे प्रत्यक्ष पाहता येईल. तिन्हींविषयी इतकी परस्परविरोधी मते वाचली आहेत की आता निर्णय होण्याऐवजी लांबतोच आहे. यांपैकी कोणता घ्यावा आणि कॅमेरा हातात आल्यावर नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे. घरी कॅननचा डीएसएलआर आणि त्याची ५० मिमी एफ/१.८ लेन्स आहे, तिचा या कामी काही उपयोग होईल का, हेही कळले तर बरे होईल.

घाटमाथा

मुक्ताताई, चाळीस-पन्नास वर्षे वापरलेली वस्तू नावावरून निवडता येत नाही. के-१००० हे मॉडेल उत्तम आहे यात वाद नाही. १९७६ पासून १९९७ पर्यंत ते बनत राहिले, शटर पूर्णपणे यांत्रिक आहे आणि बॅटरी केवळ मीटरपुरती, म्हणजे उजेड मोजण्यापुरती लागते. पण तुमच्यासमोर ठेवलेला नग कसा आहे, हा खरा प्रश्न आहे. नावाजलेल्या कॅमेऱ्याचा थकलेला नग घेण्यापेक्षा दुय्यम कॅमेऱ्याचा ठणठणीत नग घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

तपासणी शटरपासून सुरू करावी. आत रोल नाही याची खात्री करून मागचे झाकण उघडा, लेन्स काढून ठेवा, कॅमेरा खिडकीकडे धरा आणि मागून पाहत एकेका वेगावर शटर दाबत जा. के-१००० मध्ये एक सेकंदाच्या वेगावर आतून संथ घरघर ऐकू येते आणि ती एकसारखी असावी लागते; ती मध्येच अडखळली किंवा पडदा उघडाच राहिला, तर आतले ग्रीस वाळले आहे असे समजावे. मग सर्वांत जलद वेगावर या. क्षणभर दिसणारा उजेडाचा आयत पूर्ण दिसला पाहिजे. एका बाजूला काळी पट्टी राहत असेल, तर दोन पडद्यांची चाल जुळत नाही आणि प्रत्येक फोटोची तेवढी बाजू काळी येणार, हे निश्चित. कापडी पडदा असेल तर अंधाऱ्या खोलीत समोरून टॉर्च लावून मागून पाहावे. टाचणीच्या टोकाएवढे भोक असले, तरी ते ताऱ्यासारखे चमकते. शटर ताणलेले आणि सोडलेले अशा दोन्ही स्थितींत हे पाहावे लागते, कारण पडदे दोन असतात. पडद्याला बोट मात्र लावू नये.

राहिला पैशांचा हिशेब. रंगीत रोल आज साधारण हजाराच्या घरात जातो, धुणे आणि स्कॅन करणे पाचशेच्या आसपास पडते, म्हणजे ३६ फोटोंच्या रोलमागे दीड हजार आणि प्रत्येक क्लिकमागे चाळीस रुपये. दहातले नऊ हजार कॅमेऱ्यातच गेले, तर तुम्ही तो शोकेसमध्ये ठेवण्यासाठी घेतला असे होईल.

अ-क्षर

माझ्या मोबाइलमध्ये आजमितीला बारा हजार फोटो आहेत. घाटमाथा यांच्या हिशेबाने मी चार लाख ऐंशी हजारांचा धनी झालो, ही वार्ता आजच घरी कळवतो.

टपालपेटी

झेनिट-ई मी बरीच वर्षे वापरला असल्यामुळे त्याच्याविषयी अधिकाराने लिहितो. रशियातल्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात बनलेला हा कॅमेरा लेन्ससह जवळजवळ एक किलो भरतो. तो खांद्याला असताना गर्दीत वाट आपोआप मोकळी होते, हा त्याचा कोणत्याही माहितीपुस्तिकेत न नोंदवलेला गुण आहे. शटरचे वेग मात्र १/३० ते १/५०० एवढेच आहेत आणि त्याखाली थेट 'बी' (बटण दाबून धरेपर्यंत शटर उघडे) येतो, त्यामुळे संध्याकाळनंतर घोडे अडते. मीटर सेलेनियमचे असते. त्याला बॅटरी लागत नाही ही सोय खरी, परंतु आता बहुतेक नगांत ते मंदावलेले आढळते, आणि चालू असले तरी ते शटरशी जोडलेले नसल्याने आकडा वाचून हाताने लावावा लागतो.

हेलिऑस ४४-२ लेन्सविषयी जे कौतुक तुम्ही वाचले असेल ते खोटे नाही. पाठीमागच्या झाडीचे गरगरीत वर्तुळ तिच्यात खरोखर सुंदर येते. परंतु तिचे अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचे छिद्र) आपोआप बंद होत नाही. उघड्या अ‍ॅपर्चरवर फोकस करायचे, मग दुसरी कडी फिरवून ते ठरलेल्या आकड्यापर्यंत बंद करायचे आणि त्यानंतर बटण दाबायचे, असा क्रम आहे. लहान मूल किंवा मांजर तोवर थांबत नाही. ज्याला सावकाश काम करायचे आहे त्याने झेनिट जरूर घ्यावा. साडेतीन हजार ही किंमत फार नाही, तरी बाजारात ती तीन हजारांच्या खाली येईल असे वाटते.

दापोलीकर_दर्या

वरच्या दोघांनी शटरविषयी लिहिले, पण आमच्याकडे कॅमेरा मरतो तो लेन्समध्ये. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवा इतकी दमट असते की कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरतेच, आणि चामड्याच्या मूळ केसमध्ये ठेवलेल्या लेन्सला ती आधी धरते, कारण चामडे ओल धरून ठेवते. विक्रेता 'मूळ केससह' असे अभिमानाने सांगतो, तेव्हा मी आधी लेन्स पाहायला मागतो.

पाहण्याची रीत अशी आहे. लेन्स कॅमेऱ्यावरून काढावी, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावे आणि मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरून समोरून आत पाहावे. टॉर्च सरळ धरला तर काहीच दिसत नाही. तिरक्या उजेडात बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी, कडेकडून मध्याकडे फांद्या फुटत गेलेली दिसते. धुळीचे कण सुटे असतात आणि त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही, त्यामुळे त्यांना घाबरू नये. कडेची हलकी बुरशी साफ करता येते, पण बराच काळ राहिलेली बुरशी काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि मग साफ केल्यावरही तिचा ठसा उरतो. अशी लेन्स फुकट मिळाली तरच घ्यावी.

लेन्सची_दोरी

मी थोडा वेगळा सूर लावणार आहे, तरी जुन्या पिढीने रागावू नये. मुक्ताताईंनी शेवटच्या वाक्यात जे विचारले आहे, तेच सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याला कोणी हात घातलेला नाही. कॅननची ५० मिमी एफ/१.८ ही ईएफ लेन्स घरात असेल, तर कॅननचाच नव्वदच्या दशकातला ईओएस फिल्म कॅमेरा घ्यावा. ईओएस ३०० सारखी प्लॅस्टिकची बॉडी आजही दोन-तीन हजारांत मिळते, कारण ती दिसायला रुबाबदार नाही आणि समाजमाध्यमांवर तिचे फोटो कोणी टाकत नाही. मीटर अचूक असते, ऑटोफोकस असतो, रोल आपोआप पुढे सरकतो आणि मॅन्युअल मोडही असतो. उरलेल्या पैशांत चार रोल येतील.

एक खबरदारी घ्यावी लागेल. डीएसएलआरबरोबर आलेली किट लेन्स बहुधा ईएफ-एस प्रकारची असते आणि ती फिल्म बॉडीवर बसत नाही. शिवाय काही जुन्या ईओएस कॅमेऱ्यांत शटरजवळचा फोम विरघळून चिकट होतो आणि पात्यांवर काळा डाग पडतो. झाकण उघडून पाती नीट पाहिली की ते कळते.

घाटमाथा

लेन्सची_दोरी यांचा मुद्दा बिनतोड आहे आणि हिशेबात तोच पर्याय वरचढ ठरतो, हे मान्य करतो. माझा आक्षेप एकच आहे. त्या बॉडीतले सर्किट बसले की ती कोणी दुरुस्त करत नाही, तर यांत्रिक कॅमेरा उघडून साफ करणारे हात मुंबईत बोरा बाजाराच्या परिसरात आणि पुण्यातही अजून आहेत.

लेन्सची_दोरी

आहेत, पण ते हातही आता साठी-सत्तरीचे आहेत आणि के-१००० पूर्ण खोलून स्वच्छ करण्याचा खर्च माझ्या अख्ख्या ईओएसपेक्षा जास्त येतो. माझा कॅमेरा बंद पडला, तर मी तेवढ्याच पैशांत दुसरा घेईन.

मृदगंध

हिशेबाने ईओएस जिंकतो, पण मुक्ताताईंना फिल्म कशासाठी हवी आहे, हे आधी ठरायला हवे. वेग आणि अ‍ॅपर्चर स्वतः ठरवण्याची सवय लावून घ्यायची असेल, तर सगळे आपोआप करणाऱ्या कॅमेऱ्यात मॅन्युअल मोड असूनही तो कोणी वापरत नाही. माझ्या मुलीचे नेमके तेच झाले. तिने ईओएसवर काढलेले फोटो छानच आले, पण ते डिजिटलपेक्षा वेगळ्या रीतीने काढलेले नव्हते.

चाळीतला_चंद्र

याशिका इलेक्ट्रो ३५ विषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. १९६६ साली आलेला हा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करण्याचा कॅमेरा) आहे आणि त्याची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स या किमतीत मिळणाऱ्या लेन्समध्ये फार वरची आहे. तुम्ही अ‍ॅपर्चर ठरवायचे आणि शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. तो किती ठरवला हे मात्र दिसत नाही. उजेड जास्त असेल तर लाल आणि वेग फार मंद होणार असेल तर पिवळा दिवा लागतो, एवढीच सूचना मिळते. म्हणजे मृदगंध यांनी काढलेला शिकण्याचा मुद्दा येथेही अर्धाच साधतो.

तपासताना दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. मूळची पाराधारित बॅटरी आता मिळत नाही. तिच्या जागी सहा व्होल्टची लहान बॅटरी आणि स्प्रिंग किंवा अ‍ॅडॉप्टर घालून काम भागते, तेव्हा काकांना बॅटरी घालून दाखवायला सांगा. बॅटरीशिवाय हा कॅमेरा एकाच वेगावर चालतो, त्यामुळे 'बटण दाबले की आवाज येतो' या विक्रेत्याच्या पुराव्याला काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट आवाजाचीच आहे. रोल पुढे सरकवण्याचा दांडा शेवटपर्यंत ओढल्यावर आतून 'खट्' असा स्पष्ट ठोका ऐकू आला पाहिजे. तो आला नाही, तर आतली रबराची एक लहानशी गादी झिजून गेली आहे आणि वेग चुकणार. ही गादी बदलता येते, पण त्यासाठी कॅमेरा बराच खोलावा लागतो.

इसार_किनारी

म्युनिकमधून लिहितो आहे. इकडच्या पिसूबाजारात ड्रेस्डेनचे प्राक्टिका कॅमेरे अजूनही ढिगाने दिसतात. झेनिटची हेलिऑस लेन्स त्यांच्या एमटीएल मालिकेवर बसते, कारण दोन्हींचा माउंट (लेन्स बसवण्याची आटी) एम४२ हाच आहे, आणि शटर धातूचे असून एक सेकंदापासून १/१००० पर्यंत चालते. भारतात कोणाला प्राक्टिका दिसला, तर झेनिटच्या आधी त्याचा विचार करावा. टपालाने परदेशातून मागवण्याच्या फंदात मात्र पडू नये; सीमाशुल्काचा आकडा पाहून स्वस्ताईचा सगळा आनंद मावळतो.

विमानप्रवास करणाऱ्यांसाठी एक सूचना आहे. रोल कधीही चेक-इन सामानात टाकू नयेत. नव्या सीटी स्कॅनरमुळे हातातल्या पिशवीतले रोलही खराब होऊ शकतात, तेव्हा ते पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवून हाताने तपासण्याची विनंती करावी.

निवृत्त_गणितज्ञ

थोडे विषयांतर होते आहे, पण उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल येथे किती जणांनी वापरला आहे? आमच्या घरी अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता. त्यात १२० चा रोल बसायचा आणि बारा फोटो मिळायचे. गणपतीत सहा, सहलीत पाच आणि बारावा 'रोल संपवण्यासाठी' कुंडीतल्या गुलाबाचा, अशी वाटणी ठरलेली असे. आमच्या अल्बममध्ये माणसांपेक्षा गुलाब जास्त आहेत.

टपालपेटी

आमच्याकडे गुलाबाच्या जागी स्कूटर आहे.

अ-क्षर

थट्टा बाजूला ठेवून एक प्रामाणिक प्रश्न विचारतो. फोटो शेवटी स्कॅन करून मोबाइलवरच पाहायचे असतील, तर एवढा खटाटोप कशासाठी करायचा?

मृदगंध

स्कॅनपुरताच विचार केला, तर तुमचे बरोबर आहे. माझ्यापुरते सांगायचे तर मी कृष्णधवल रोल घरीच धुते आणि तेथे खर्चही निम्म्यावर येतो. त्यासाठी अंधारी खोली लागत नाही. रोल टाकीत भरण्यापुरती प्रकाश न शिरणारी पिशवी पुरते. आपल्याकडे अडचण तापमानाची आहे. इलफर्डचा एचपी५ प्लस डी-७६ या डेव्हलपरमध्ये वीस अंशांवर साडेसात मिनिटे ठेवायचा असतो आणि एप्रिलमध्ये आमच्या नळाचे पाणी तीस अंशांच्या पुढे असते. म्हणून मी घमेल्यात पाणी आणि बर्फाचे खडे घेऊन रसायनाच्या बाटल्या त्यात उभ्या करते, तापमापक वीसवर आला की सुरुवात करते आणि टाकीही मधूनमधून त्याच पाण्यात टेकवते. रंगीत रोलला अडतीस अंश लागतात आणि तेथे अर्ध्या अंशाचा फरकही रंगात उतरतो, त्यामुळे ते काम लॅबकडेच सोपवावे.

जुन्या बाजारात मुदत संपलेले रोल स्वस्तात मिळतात, त्यांच्या मोहात पहिल्या रोलला तरी पडू नये. ते कोणत्या उन्हाळ्यात कोणत्या पत्र्याखाली पडून होते हे कळत नाही, आणि फोटो बिघडले तर दोष कॅमेऱ्याचा की रोलचा हेही उमगत नाही.

दापोलीकर_दर्या

मृदगंधताईंशी सहमत आहे. त्यात एक भर घालतो. झाकणाच्या खाचेतला काळा फोम कालांतराने डांबरासारखा चिकट होतो आणि तेथून उजेड आत शिरून फोटोवर तांबूस पट्टे येतात. त्यावरून कॅमेरा नाकारू नये, उलट तेवढ्यावर किंमत पाडून घ्यावी. जुना फोम टूथपिक आणि स्पिरिटने खरवडून काढावा, चुरा शटरवर पडू नये म्हणून कॅमेरा उलटा धरावा आणि अरुंद खाचेत काळ्या लोकरीचा धागा दाबून बसवावा. माझ्या कॅमेऱ्यात आईच्या स्वेटरची उरलेली लोकर आहे.

मुक्ता_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या सूचना कागदावर उतरवून घेतल्या आणि शनिवार-रविवार पुण्यात काढून तिन्ही कॅमेरे पाहिले.

झेनिटचा विक्रेता झाकण उघडू देण्यासच नाखूश होता. शेवटी उघडले, पण भर बाजारात अंधारी खोली कोठून आणायची, म्हणून ओढणी डोक्यावर घेऊन टॉर्च लावला. पडद्याच्या घडीवर एक नव्हे, तीन तारे चमकले. बघ्यांची गर्दी मात्र चांगली जमली होती. याशिकाची लेन्स आरशासारखी स्वच्छ होती, पण तो 'खट्' काही केल्या ऐकू आला नाही. काकांना वाईट वाटू नये म्हणून 'घरी विचारून सांगते' असे म्हणून निघाले.

पेंटॅक्सचे शटर सगळ्या वेगांवर नीट चालते आहे, एक सेकंदाची घरघर एकसारखी आहे आणि लेन्समध्ये धूळ सोडली तर काही नाही. मात्र नवी बॅटरी घातली तरी मीटरचा काटा हलत नाही, आणि फोम डांबर झालेला आहे. हे दाखवल्यावर विक्रेता साडेसहा हजारांवर आला. ईओएसचा पर्याय पटला होता, पण मृदगंधताईंचा प्रश्न मनातून जात नाही, कारण मला नेमके तेच शिकायचे आहे. मीटर बंद असलेला के-१००० घ्यावा का?

लेन्सची_दोरी

साडेसहा हजारांत दोन ईओएस आले असते, एवढे नोंदवून तुम्हाला शुभेच्छा देतो.

चाळीतला_चंद्र

याशिकाचा तो 'खट्' आला नाही म्हणजे गादी गेलीच. काकांना तसे सांगा, म्हणजे तेही कोणाला फसवल्याच्या पापातून सुटतील.

घाटमाथा

अवश्य घ्या. शटर आणि लेन्स शाबूत असतील, तर मीटरवाचून काही अडत नाही. मोबाइलवरचे मीटरचे अ‍ॅप पुरेसे अचूक असते. भर उन्हात त्याचीही गरज पडत नाही. अ‍ॅपर्चर एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या (उजेडाला असलेल्या संवेदनशीलतेच्या आकड्याच्या) जवळचा घ्यावा. २०० आयएसओच्या रोलला १/२५० लावले की काम झाले. आकाश ढगाळ असेल तर एफ/८ आणि मोकळ्या सावलीत एफ/५.६ किंवा एफ/४ अशी उतरण ठेवावी. रंगीत निगेटिव्ह फिल्म थोडा जादा उजेड सहज सोसते, कमी उजेड मात्र सोसत नाही, म्हणून शंका आली की एक पायरी उजेडाच्या बाजूने घ्यावी. साडेसहा हजार वजा जाता तुमच्याकडे दोन रोल आणि त्यांचे धुणे एवढे पैसे उरतात आणि लोकर घरात असेलच.

मुक्ता_सातारा

घेतला. दोन रोलही आणले आहेत. रोल नीट बसला आहे हे झाकण बंद केल्यावर कसे ओळखायचे, एवढे फक्त सांगा, कारण छत्तीस फोटो काढून आत काहीच नव्हते असे झाल्याच्या कथा वाचल्या आहेत.

टपालपेटी

फिल्मचे टोक उजवीकडच्या खाचेत घालून झाकण उघडे असतानाच दांडा एकदा फिरवा आणि दोन्ही बाजूंची भोके दात्यांवर नीट बसल्याचे पाहा. मग झाकण लावा आणि डावीकडची गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने हलक्या हाताने फिरवून फिल्मचा ढिलेपणा काढा. ती अडली की थांबा. त्यानंतर दांडा ओढताना ती कळ आपोआप उलटी फिरली पाहिजे. फिरत नसेल, तर रोल बसलेला नाही. झाकण उघडून पुन्हा बसवा, फार तर फिल्मचे पहिले काही इंच वाया जातील.